सात नंबरचा प्लॉट

जयपूरला आम्हाला चौदा वर्षं जात नव्हती. आम्ही नुसते मराठी होतो.

ह्यांची बँकेतून बदली झाली ती तीन वर्षांसाठी म्हणून, पण मुलीची शाळा, मग कॉलेज असं करत आम्ही तिथंच रुतलो. शास्त्री नगरात घर बघायला गेलो तेव्हा मालकानं दारातच विचारलं, "आप लोग कौन?" हे म्हणाले, "मराठी." मालक म्हणाला, "अच्छा, मराठी," आणि किल्ली काढून दिली. आमचं आडनाव त्याला धड उच्चारता येत नव्हतं, तर त्यातून तो काय ओळखणार? वर्षभर तो ह्यांना 'मराठा साब' म्हणायचा, आणि ह्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

त्याच गल्लीत दोन घरं सोडून एक मराठी कुटुंब होतं. यजमान मालगाडीवर गार्ड, मूळचे अकोल्याकडचे. त्यांची बायको आम्ही राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन दारात उभी. "तुमी मराठी हाय म्हणून समजलं, मंग राहवलं नाही," म्हणाली. बोलता बोलता तिनं आडनाव सांगितलं आणि मला कळलं, ही मंडळी बौद्ध आहेत. घरमालकाला जे जन्मात कळलं नसतं, ते मला चहाचं आधण ठेवायच्या आत कळलं. तेव्हा मी काय करावं? मी तिला मुद्दाम आत बोलावलं. स्वयंपाकघरात, ओट्याजवळ पाट मांडून बसवलं आणि आमच्या रोजच्या कपातून चहा दिला. ती अगदी सहज बसली, चहा प्यायली, फोडणीचा वास छान येतोय म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते मला. आपण किती सुधारलेल्या, या विचारानं माझाच ऊर भरून आला, आणि ते कौतुक मला पुढं कित्येक वर्षं पुरलं. आता तो चहा आठवला की कान गरम होतात.

मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई. दोन वर्षांत आमचं इतकं जमलं की एकीच्या घरी साखर संपली की दुसरीच्या घरचा डबा आपोआप रिकामा व्हायचा. गार्डसाहेब दोन-दोन दिवस गाडीवर, आमचे हे संध्याकाळी सातपर्यंत बँकेत, त्यामुळं उन्हं उतरली की आम्ही दोघी जवळच्या बागेत फिरायला. ती तिचं वऱ्हाडी बोलायची, मी माझं रत्नागिरीकडचं, आणि माझी मुलगी दोघींच्या मध्ये हिंदी पेरत चालायची: "काकू, मतलब तुम्ही हे बोलता ते मराठीच आहे ना?" आम्ही हसून बेजार व्हायचो.

मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून आम्ही चटईवर बसायचो. जमीन चर्र करायची, गरम वाफ अंगावर यायची आणि मला हटकून समुद्र आठवायचा. ह्यांचं गाव अगदी किनाऱ्यावर. मग मी सुरू व्हायची. संध्याकाळचा वारा कसा, भरतीचा आवाज कसा, पुळणीवर अनवाणी चाललं की पायांचा सगळा शीण कसा जातो, म्हाताऱ्या माणसांना तिकडं औषधं कशी लागत नाहीत. शेवटचं साफ खोटं, आमच्या सासूबाईंच्या गोळ्यांना एक स्वतंत्र फडताळ होतं. पण बढाई मारायला कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. वहिनी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहायची. एकदा म्हणाली, "म्या एकदाच पाह्यला समुद्र. सहा डिसेंबरले, दादरले. लहान होती मी. बापाच्या खांद्यावरून पाह्यला. एवढं मोठं पाणी, अन् आपल्याले रांगेतून हलता येत नव्हतं." मग थोड्या वेळानं, "पाय बी नाही भिजले, ताई."

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांत जयपूरला प्लॉटचं वेड लागलं. ज्याला त्याला दलाली सुचायला लागली. आमचा दूधवाला दूध मोजता मोजता विचारायचा, "भाभीजी, जगतपुरा में देख लो, अभी सस्ता है." चाकसूच्या बाजूला टोंक रोडवर लोक शेतात चुन्याच्या रेघा ओढून कॉलनी विकत होते. ना रस्ता ना पाणी, नुसती कमान आणि कमानीवर मोर. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला पूर्वी बायका दुधात केशर किती घातलं ते विचारायच्या, आता गज काय भावानं घेतला ते विचारत.

तिकडं कोकणातही तेच, फक्त कमानीवर मोराच्या जागी नारळाचं झाड. मुंबई-पुण्याची निवृत्तीला आलेली माणसं किनाऱ्यालगत जागा घ्यायला लागली होती. आधी बँकवाले आणि मास्तर आले, त्यांच्यामागं डॉक्टर, त्यांच्यामागं ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे आईबाप. ज्या कातळावर कुणी गुरं सोडली नसती त्याला 'सी व्ह्यू' म्हणायला लागले. विकणारा आज पैसे घेऊन नवी मोटारसायकल घ्यायचा आणि दोन वर्षांनी त्याच जागेवर राखणदार म्हणून उभा राहायचा. हे सगळं आम्हाला फोनवरून कळायचं, कारण गावी असलेले माझे धाकटे दीर स्वतःच त्या धंद्यात उतरले होते. त्यांनी आणि आणखी दोघा-तिघांनी किनाऱ्यावरच्या उतारावरची आंब्याची बाग घेऊन तिचे बारा बिनशेती प्लॉट पाडले. बिनशेती म्हणजे शेतकरी असल्याचा दाखला नको, कुणालाही घेता येणार. निवृत्त लोकांची वसाहत करायची, म्हातारपणी एकमेकांना सोबत. सहा नंबर आमचा ठरला. सात नंबर त्याला लागून, कोपऱ्यावरचा, कुंपणापासून पायवाट थेट पुळणीवर.

तो तुम्ही घ्या, असं तिला मीच म्हटलं. हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं, कारण मागणं तिचं नव्हतंच. भाजी निवडता निवडता मी सहज बोलून गेले, "वहिनी, सात नंबर घ्या ना, म्हातारपणी दोघी रोज पुळणीवर फिरू." ती आधी हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात, डोळे तारवटलेले. "ताई, तुमी मस्करी तर नाही ना केली?"

गार्डसाहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. फंड मिळणार होता. मुलाचं म्हणणं, जगतपुऱ्यात फ्लॅट घ्या, स्टेशन जवळ आहे, वस्ती वाढतेय. पण तिच्या मनात आता समुद्र बसला होता. "यांनी सारी जिंदगी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली," ती म्हणायची, "एकटं बसून, धूळ खात. आता थोडं पाण्याकडं तोंड करून बसू दे की." फंडाला एकदा मुलाच्या फ्लॅटची वाट फुटली की समुद्र संपला, हे तिला पक्कं माहीत होतं. जे ठरायचं ते फंड हातात यायच्या आधीच ठरायला हवं होतं.

मग आमची आकडेमोड सुरू झाली. जयपूर गजांत मोजतं, कोकण गुंठ्यांत. एक गुंठा म्हणजे एकशे एकवीस गज, हे तिनं पाठच केलं. आमच्या गच्चीवर खडूनं तिनं घर आखलं, अगदी खऱ्या मापाचं. ही ओसरी, हे देवघर नाही हो ताई, इथं आमचा बुद्ध बसल, हे स्वयंपाकघर. ओसरीच्या खडूच्या रेघेत आम्ही दोघी पाय लांब करून बसलो आणि समोरच्या पाण्याच्या टाक्यांकडं बघत राहिलो. गार्डसाहेब वर आले तेव्हा तिनं त्यांना दारातूनच यायला लावलं. तेही बिचारे वाकून, नसलेल्या चौकटीतून आत आले.

रविवारी मी दिरांना फोन लावला. सात नंबर राखून ठेवा म्हटलं, आमच्या अगदी घरच्यासारख्या आहेत. भाऊजी खूष झाले. "वा, नाव सांगा वहिनी, लिहून ठेवतो." मी आडनाव सांगितलं.

भाऊजी एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले. "माणसं चांगलीच असणार हो. माझं काहीच नाही, तुम्हाला माहीत आहे. पण बाकीच्यांशी तोंडी ठरलंय, प्लॉट आपल्यातल्यालाच द्यायचे. उद्या सण आले, वार आले, सगळे एकत्र जेवायला बसणार. तिकडं जयपूरला चालतं, इथं गाव आहे." मग त्यांनी खरी मेख मारली. "आणि वहिनी, एकदा बाहेर कळलं की भाव पडतो. सहा नंबर शेजारचाच. पहिला आपलाच पडेल."

आता इथं एखाद्या शहाण्या बाईनं काय म्हणायला हवं होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. गेली कित्येक वर्षं मी ती वाक्यं मनात घोळवतेय, एकाहून एक सणसणीत. त्या दिवशी मी म्हटलं, "बरं." एवढंच. फोन ठेवला. हे पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं, तर चष्मा वर करून म्हणाले, "तू काय म्हणालीस?" म्हटलं, काही नाही. "बरं केलंस, भावाभावांत वाकडं यायला नको," म्हणाले आणि पान उलटलं. त्यांच्यावर मला राग आला, पण तो सोयीचा राग होता. माझ्या तोंडाला काही त्यांनी हात लावला नव्हता.

तीन दिवस मी गुडघा दुखतो म्हणून फिरायला गेले नाही. चौथ्या दिवशी ती गुडघ्याला चोळायला तेल घेऊन आली, मग जाणं भाग पडलं. बागेला एक फेरी झाल्यावर मी म्हटलं, "वहिनी, भाव फार वाढलेत हो. सात नंबर मुंबईच्या कुणीतरी एकदम चेक देऊन घेतला."

ती थांबली. "मंग दुसरा एखादा? मांगचा बी चालल. समुद्र दिसला नाही तरी ऐकू येईल ना."

इथून पुढं मी जे केलं ते त्या 'बरं'हूनही वाईट. मी समुद्राची निंदानालस्ती सुरू केली. खाऱ्या हवेनं लोखंड गंजतं, फ्रिज दोन वर्षं टिकत नाही. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. चांगला दवाखाना दोन तासांवर, रात्री-अपरात्री काही झालं तर माणूस वाटेतच जायचा. साप तर किती! दहा वर्षं मी ज्याचे गोडवे गायले, त्याची मी बागेच्या तीन फेऱ्यांत पार माती केली. ती सगळं ऐकत होती. तिनं मधे एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगतलं, ताई. आमाले काय माहीत असतं हे?"

घरी येऊन मी गच्ची धुतली. मोलकरणीला सांगितलं नाही, स्वतः फडकं घेऊन बसले. खडू होता तो, दोन बादल्यांत गेला.

मला वाटलं, संपलं. पंधरा दिवसांनी भाऊजींचा फोन. गार्डसाहेबांना गाडीवर कुणाकडून तरी मराठी पेपर मिळाला होता आणि त्यात आमच्याच वसाहतीची जाहिरात: समुद्रकिनारी निवासी प्लॉट, मोजकेच शिल्लक, खाली भाऊजींचा नंबर. "तुमच्या त्या बाईंनी फोन केला होता," भाऊजी म्हणाले. "नाव नाही सांगितलं आधी. सात नंबर आहे का विचारलं, मी म्हटलं आहे, कधी येता बघायला? मग त्यांनी आडनाव सांगितलं. तेव्हा मी म्हटलं, अरेरे, तो कालच बुक झाला की. हसल्या. म्हणाल्या, काही हरकत नाही, फक्त ताईले सांगू नका मी फोन केला होता म्हणून. चांगल्या वाटल्या हो बाई."

म्हणजे तिला कळलं होतं. आणि तिला कळलंय हे मला कळू नये, म्हणून ती माझ्या दिराला विनवत होती. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. गॅसवर वरण उतू गेलं. चोरीच्या मामल्यात पकडलं गेल्यावर चोराला कसं वाटत असेल ते मला माहीत नाही, पण ज्याच्या घरी चोरी झाली त्यानंच दिवा मालवून चोराला वाट करून द्यावी, तसं काहीतरी झालं होतं.

मी वाट बघत राहिले. ती भांडेल, निदान टोमणा मारेल. टोमण्याला तर मी आसुसले होते. पण ती पूर्वीसारखीच येत-जात राहिली, डबेही सुरू राहिले. फक्त एक फरक पडला. आली की ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायला लागली. "आत या ना," मी म्हणायची. "नको ताई, इथं वारा हाय." जयपूरच्या मे महिन्यात, बंद खिडकीशी.

त्या वसाहतीचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते. बारांपैकी पाच जणांनी घरं बांधली. आपल्यातलेच सगळे. मे महिन्यात पंधरा दिवस येतात, पाण्याच्या टँकरवरून भांडतात, आमरस खातात आणि कुलपं लावून जातात. हे निवृत्त झाल्यावर आम्हीही सहा नंबरवर राहायला आलो; उरलेलं वर्षभर तिथं आम्ही दोघं आणि एक राखणदार. सात नंबर पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतला, मग दुसऱ्या कुणी घेतला, मग तिसऱ्या. दर वेळी भाव वाढला. घेणाऱ्यांतल्या एकानंही त्यावर पाय ठेवलेला मी पाहिला नाही. सोबतीसाठी काढलेल्या त्या वसाहतीत संध्याकाळी पुळणीवर मी एकटी फिरते.

पण मला सांगायचंय ते जगतपुऱ्याचं. गार्डसाहेब निवृत्त झाले आणि त्यांनी तिथं फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. घरात जायच्या दिवशी वंदना ठेवली होती. भंते आले होते, पांढऱ्या साड्या नेसलेल्या रेल्वेतल्या बायका, आणि आमच्या मंडळाच्याही सात-आठ जणी. वंदना झाली, खीर झाली. बायका खोल्या बघत हिंडत होत्या. तेवढ्यात मंडळातल्या एका विमा कंपनीवाल्यांच्या बायकोनं, जिला गप्प बसणं कधीच जमलं नाही, मोठ्यानं विचारलं, "अहो, पण तुम्ही तर कोकणात जाणार होतात ना? ह्यांच्या शेजारी? मग काय झालं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या हातात खिरीची वाटी. वहिनीनं डाव खाली ठेवला. म्हणाली, "ताईनं लय खटपट केली हो आमच्यासाठी. दिराले किती फोन केले. पण भावच वाढून गेले, त्याले कोण काय करल? अन् मले बी मंग वाटलं, खारी हवा, लोखंड गंजते, दवाखाना दूर." एकेक कारण, मी सांगितलेल्या क्रमानं. कुठं अडखळली नाही.

तिनं मला सोडवलं होतं. आता मला फक्त खरं बोलायचं होतं. तिचं घर, तिची माणसं, भंते अजून पलीकडच्या खोलीत बसलेले. याहून चांगली जागा मला मिळाली नसती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "हो ना, फारच वाढले होते भाव."

निघताना ती दारापर्यंत आली. मी चपला घालत होते. "ताई," ती म्हणाली, "वरचा फ्लॅट रिकामा हाय. गाव-बिव सोडा, इथंच या राहायले. इथला बिल्डर नाव नाही पाहत, चेक पाह्यते." ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. खरोखर बोलावत होती. बारा वर्षांची सवय अशी एका प्लॉटनं तुटत नसावी.

मी म्हटलं, "बघते हं." आणि ते म्हणताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपण हिच्या डोक्यावर राहायला गेलो असं गावी कळलं, तर आपल्याकडचे काय म्हणतील. लाज वाटली ती त्यानंतर, खाली येऊन ऑटोत बसल्यावर.